बांधावरून मारलेली हाक

आबा, आज वर्गात मोकळ्या लहरी शोधण्याचा धडा शिकवला. रेडिओलहरींचे पट्टे परवान्याने दिलेले असतात, पण पट्ट्याचा धनी सारा वेळ बोलत नसतो. तेवढ्यात दुसऱ्याचे यंत्र तिथे बोलून घेऊ शकते. अट एवढीच, की आधी ऐकायचे, आणि धनी बोलू लागला की मुकाट दुसरा पट्टा धरायचा. मुलांना मी आपल्या पाटाच्या पाण्याचे उदाहरण देतो. ज्याची पाळी तो दिसला नाही तर हाक मारायची, ओ आली नाही तर पाणी आपल्या रानात घ्यायचे, तो आला की सोडायचे. मुले हसतात, पण परीक्षेत बरोबर लिहितात.

पुढचा भाग सांगताना मात्र आज अडखळलो. मध्ये डोंगर आला तर यंत्रापर्यंत धन्याचा आवाजच पोचत नाही. पट्टा रिकामा वाटतो आणि आपण त्याचे बोलणे मोडतो. कॉलेजच्या सुट्टीत मी तेच केले होते. पाळी शेजारच्या अण्णांची होती, ते उंच उसात पाला काढत होते. मी हाक मारली, ओ आली नाही, पाणी वळवले. ते पाहून तुम्ही सायकल वाटेतच टाकून येता. मला वाटते, आता ओरडणार. तुम्ही हळू विचारता, "हाक कुठनं मारलीस रं?"

"बांधावरनं."

"उसात शिरून बघाय काय झालं हुतं? तुला ओ नकोच हुती गड्या."

तुम्ही गेल्यापासून धाकट्या बहिणीच्या वाट्याचे रानही मीच कसतो. तिने कधी मागितले नाही, म्हणून पै-पाहुण्यांत मी सांगत आलो, तिचे काही म्हणणे नाही. सोमवारी ती रहिमतपूरहून कडेगावच्या कचेरीत, रानातला वाटा सोडल्याच्या हक्कसोडपत्रावर सही करायला येणार आहे. आपल्याकडे बहिणी करतात तशी. भावाने साडी द्यायची असते, ती मी सांगलीत घेऊन ठेवली आहे. तिच्या नवऱ्याचे दुकान बंद पडल्याचे मला परक्याकडून कळले. तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

आज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि तिला फोन केला. आवाज अगदी स्वच्छ येत होता, मागे कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू आली. विचारले, "तुझं काय म्हणणं न्हाई न्हवं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तू म्हणशील तसं, दादा."

मी तिच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवला.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्याजवळच बोलतो आहे, एवढेच. ती गप्प होती तेवढा वेळ, आबा, समोर समई जळत होती आणि मी मनात देवाला म्हणत होतो, हिने आता काही बोलू नये.