नावाच्या आधी

२१ एप्रिल, सोमवार

ठरलं! आजपासून मी डॉक्टर. पदवी मिळून चार महिने झालेत, पण तसं म्हणवून घ्यायचं आज ठरवलं. मी शिकवते त्या कॉलेजात अरुणकुमार सरांची पीएच.डी. सहा वर्षं 'बस, जमा करनी है' वर अडकलीय, तरी ते 'डॉक्टर साहब'. आणि स्टील प्लांटच्या भट्टीतून निघणाऱ्या स्लॅगपासून, त्या टाकाऊ मळीपासून विटा करण्यात पाच वर्षं घालवलेली मी — 'सुजाता बेटा'! आज मीटिंगमध्ये प्राचार्य म्हणाले, 'बेटा, ज़रा चाय का बोल दो.' चहा सांगितला. मग उभ्याउभ्याच म्हटलं, 'सर, डॉक्टर सुजाता कहिए.' आणि चहा काय छान लागला!

२२ एप्रिल

'सुजाता बेटा' दोनदा. दोन्ही वेळा दुरुस्त केलं.

२४ एप्रिल

आमचे शिपाई तेजराम भैया, त्यांनी फारच मनावर घेतलंय. व्हरांड्याच्या त्या टोकावरून आरोळी — 'डॉक्टर मैडम, पेपर मन आ गे हे!' म्हणजे तपासायचे पेपर आलेत. संध्याकाळी सुपेल्याच्या बाजारात भेटले, तिथेही तेच. भाजीवालीने लगेच गुडघा पुढे केला. म्हटलं, बाई, मी विटांची डॉक्टर. 'त का होगे, देख तो ले.' पाहिला. सुजलाय खरा. दवाखान्यात जा म्हणून सांगितलं, तर तिने मूठभर कोथिंबीर फुकट दिली.

२६ एप्रिल, शनिवार

बुद्धपौर्णिमेला कॅम्प-१ वस्तीतल्या आपल्या विहारात मुख्य भाषण माझं! लहानपणी जिथे सतरंज्या झटकल्या, तिथे! समितीचे अध्यक्ष बाबाराव काका पत्रिकेचा मजकूर घेऊन घरी आले. 'आयु. सुजाता धोंडबा गजभिये.' म्हटलं, काका, डॉ. राहिलं.

'रायलं नाई, पोरी. विहारात सगळे आयुष्मान, नाई तं आयुष्मती. हुद्दा नाई लावत आपन. जुना ठराव हाये.'

मी भडकलेच. या वस्तीतली पीएच.डी. झालेली मी पहिली पोरगी. पत्रिकेवर ते 'डॉ.' पाहून दहावीतल्या एखाद्या पोरीला आपणही व्हावं असं वाटेल, म्हणून हवंय. आणि मलाही हवंय, खोटं कशाला लिहू! सांगून टाकलं — डॉ. नाही तर भाषण नाही. काका अर्धा चहा टाकून गेले. आई म्हणाली, 'कावून येवढा ताठा करून राहिली वं? त्याइनं तुले अंगाखांद्यावर खेळवलं.' बाबांनी काकांचा अर्धा कप उचलून मोरीत ठेवला.

२७ एप्रिल

बाबांनाच गाठलं. बाबा प्लांटमध्ये खलासी होते. साखळ्या-कप्पी लावून अवजड मशिनी उचलायचं काम. रिटायर होऊन पाच वर्षं झाली. म्हटलं, तुम्हीच सांगा, माझं चुकलं का?

'तुले कायले पायजे थे डॉक्टर?'

'मेहनत केली म्हणून.'

मग म्हणाले, 'मले छत्तीस साल खलासीच म्हनलं लोकाइनं. ए खलासी, इकडे ये. नाव कोनाले मालूमच नव्हतं.'

मी म्हटलं, ते वेगळं आणि हे वेगळं.

'हो. येगळंच हाये,' म्हणाले आणि आंघोळीला गेले.

मला फार वाईट वाटलं. उगाच विचारलं. पण माघार घेणार नाही!

३० एप्रिल

कॉलेजात विजय!! नोटीस बोर्डावर छापील 'डॉ. सुजाता गजभिये'. प्राचार्यांनी स्वतः लावायला सांगितलं म्हणे. अरुणकुमार सर म्हणाले, 'बधाई हो, डॉक्टर साहब.' दोन मिनिटांनी परत आले — 'मेरा भी इस साल पक्का.' बिचारे! पेढे त्यांनाच आधी दिले.

२ मे

बाबाराव काकांचा फोन. 'रविवारी बैठक हाये. ठराव बदलाचा विषय ठेवला. तू ये.' झुकले! आईला सांगितलं तर ती हसलीसुद्धा नाही.

४ मे, रविवार

काकांनी जुनं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. १९८९ चं पान. 'साहेब लोक पुढे खुर्चीवर आणि कामगार मागे सतरंजीवर, हे विहारात चालणार नाही. यापुढे कोणाच्याही नावाआधी हुद्दा लागू नये.' सूचक — धोंडबा गजभिये. माझे बाबा! एकोणतीस वर्षांचे असतील तेव्हा.

मग आजचं पान. 'वरील ठराव रद्द करावा.' सूचक — धोंडबा गजभिये. तीच वाकडी सही.

बाबा मान खाली घालून बसले होते. काकांनी विचारलं, अनुमोदन कोण देते? सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, कोणीच देऊ नका. काकांनी परत विचारलं, मी परत तेच सांगितलं.

पत्रिका छापायला गेली. आयु. सुजाता धोंडबा गजभिये.

घरी आल्यावर दारात चपला काढता काढता बाबा म्हणाले, 'कालेजात मात्र सोडू नको.'