अंगाबरोबर बसवलेला बोगदा

ती. वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. कंबर धरली आहे, म्हणून जेवढं वाकता येतं तेवढंच वाकून केला आहे, उरलेला भेटीत करीन. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? मागच्या पत्रात डावा म्हणालात, त्याच्या आधीच्या पत्रात उजवा. एक काय तो ठरवा, म्हणजे काळजी कुठल्याची करायची ते कळेल. तुमच्या यजमानांचा खोकला गेला असेल, नसेल तर जाईल. आम्ही इकडे बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे. तुमचे बंधू जेवतात, झोपतात आणि विचारलं तर "हूं" म्हणतात. त्याला बरं म्हणायचं असेल तर तेही बरे आहेत.

तुम्ही विचारलंत की त्यांच्या वाढदिवसाला दरवर्षी तुम्ही छोट्या आगगाड्यांचं जे जाड मासिक लावून देता, ते यंदा एकदम पाच वर्षांसाठी लावू का, की दुसरं कुठलं बरं आहे, "तूच जरा चाळून कळव". चौथीत शाळा सोडलेल्या बाईला चाळून कळव म्हणालात, तुमची कमाल आहे. पण मी चाळलं. एक नाही, घरात येतात ती तिन्ही मासिकं, नऊ दिवस, ओळीखाली बोट ठेवून ठेवून. मात्र तुमच्यासाठी नाही हो, खोटं कशाला बोलू. गरज माझी होती. ती काय, ते आधी ऐका.

आमची बाहेरची खोली तुम्हाला माहीत आहे. खिडकीकडची बाजू माझी, म्हणजे शिलाई मशीन, कापायची फळी आणि गिऱ्हाइकांच्या पिशव्या. दाराकडची बाजू त्यांची, म्हणजे दोन जुन्या फळ्या जोडून केलेलं ते टेबल आणि त्यावर ती रेल्वे. इंजिन माझ्या करंगळीएवढं, डबा मधल्या बोटाएवढा, माणसं तांदळाएवढी. (त्या तांदळांना हे ब्रशने रंगीत कपडे चढवतात. घरात कपडे शिवणारी बसलेली असताना.) रिटायर झाल्यापासून सहा वर्षं हेच. मी तुम्हाला दर पत्रात रडले की या टेबलापायी मला कापड पसरायला जागा नाही, गिऱ्हाइकाला आडवं होऊन आत शिरावं लागतं, आणि एकदा एका बाईच्या कोटाच्या खिशातून स्टेशनमास्तर निघाला. ते सगळं खरं आहे. पण आज नऊ दिवस त्या टेबलावर चादर आहे. पलंगावरची, निळ्या फुलांची. गाडी बंद. मी मशीन थांबवलं की खोलीत काही म्हणजे काही ऐकू येत नाही. वन्सं, मला ते सहन होत नाही. येत्या रविवारच्या आत ती चादर निघाली पाहिजे, एवढंच मला हवं आहे.

झालं असं. इथे रेल्वेवेड्यांचं एक मंडळ आहे. (मोठ्या माणसांचं. दाढीमिशीवाले, चष्मेवाले.) अध्यक्ष आहेत दातांचे डॉक्टर. पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन आहे, तीनच टेबलं मांडायची आहेत, आणि कुणाची ते हे लोक घरोघर जाऊन, गाडी चालवून बघून ठरवतात. सहा वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडे येणार होते. तुमच्या भावाने स्वतःहून शर्ट शिवून मागितला, लग्नानंतर पहिल्यांदा. आणि डोंगर करायला घेतला. डोंगर म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, माझे जुने पडदे. खळीत बुडवून तारेच्या जाळीवर टाकायचे, वाळले की कडक होतात, वर रंग आणि भुसा. वजनाला माझ्या कात्रीपेक्षा हलका. त्या डोंगराच्या पोटात बोगदा. बोगद्याचा नमुना मासिकात छापून येतो, तो जाड कागदावर उतरवून कापायचा. आता अलीकडे त्यांच्या हाताला जरा थरथर आहे. ते कबूल करत नाहीत, "टेबल हलतंय" म्हणतात. म्हणून मी म्हटलं, द्या इकडे, घरात कात्री माझी चालते.

इथे मला शहाणपण सुचलं. नमुना बघितला आणि हसूच आलं. एवढंसं इंजिन आणि त्याला हा ढगळ बोगदा! जसा काही थोरल्या भावाचा कोट धाकट्याला घातलाय. सव्वीस वर्षं मी कपडे शिवते, माझ्या हातून असं ढगळ काही बाहेर गेलेलं नाही. मी टेप घेतली, इंजिनाची रुंदी घेतली, उंची घेतली, आणि बोगदा आत घेतला. दोन्ही बाजूंना एकेक टक्स. असा अंगाबरोबर बसला की काय सांगू. इंजिन हाताने सरकवून पाहिलं, सुळकन गेलं. त्यांना बोलले नाही. म्हटलं, त्यांचं त्यांना दिसेल, मग कौतुक करतील.

रविवारी डॉक्टर आले, बरोबर मंडळाचे आणखी दोघे. चहा झाला, गाडी सुटली. बोगदा नेमका वळणावर. इंजिन आत गेलं, बाहेर आलं. मी मनात म्हटलं, याला म्हणतात फिटिंग! मग पहिला डबा आत गेला आणि तिथेच अडकला. इंजिन काही थांबेना, ओढतंय आपलं. आणि वन्सं, डोंगर चालायला लागला. झाडांसकट, मेंढरांसकट. स्टेशनावरून गेला, फलाटावरची अकरा माणसं लोळवली, सिग्नल आडवा केला आणि टेबलाच्या कडेवरून थेट माझ्या चिंध्यांच्या टोपलीत उतरला. डॉक्टर म्हणाले, "अहो, वेळापत्रकात डोंगर पण होता का?" आणि हसले. पोट धरून हसले. (दात अगदी व्यवस्थित आहेत, ते सांगायलाच हवं.) माणूस मनाने वाईट नाही. जाताना म्हणाले, दोन आठवड्यांनी पुन्हा येतो, तोवर डोंगराला एका जागी बसायला शिकवा.

तुमचे बंधू हसले नाहीत. तीस वर्षं दुकानदारांची वजनंमापं तपासायची नोकरी केलेला माणूस. मापात पाप करणारे ज्याला बघून तराजू पुसायला लागायचे, तो सगळ्यांसमोर एवढंच म्हणाला, "माझं माप चुकलं." लोक गेल्यावर पलंगावरची चादर आणून टेबलावर घातली. मी तिथेच उभी होते. तोंड उघडायचं, तर मी झाडू आणायला गेले.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं होतंस. तुम्हाला बोलायला सोपं आहे, तुम्ही त्यांची बहीण. मी त्या माणसाला लग्नापासून सांगत आले आहे की तुमची टेप चुकेल, माझी चुकायची नाही. म्हणून म्हटलं, आधी पुरावा बघू. मासिकवाल्यानेच नमुना चुकीचा छापला असेल तर सगळेच सुटलो. मग हे संध्याकाळी फिरायला गेले की मी मासिकं काढायची आणि वाचायची. तेव्हा घ्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

पहिलं तुमचं जाड. फोटो असे की चाटावेत. एका माणसाने अख्खं तळघर रेल्वेला दिलंय, दुसऱ्याने घराचा वरचा मजला. बायको कुठे ठेवली ते लिहिलेलं नाही. त्यात कुणाचंच काही बिघडत नाही, कुणाच्या कपाळावर घाम नाही, कुणाचा डोंगर चालत नाही. बोगद्याबद्दल काय लिहिलंय? "आपल्या पसंतीचा बोगदा विकत आणून बसवावा." म्हणजे माझ्याकडे बाई फ्रॉक शिवायला यावी आणि मी सांगावं, पसंतीचा फ्रॉक विकत आणून घालावा. राग मानू नका, पण हे मासिक तुमच्या थोरल्या जाऊबाईंसारखं आहे. या बसा तोंडभरून म्हणतील, पण पाणी मागितलं की छताकडे बघतील. कागद मात्र सुरेख. वरचं पान तर पुठ्ठाच, कॉलरला आत घालावं असं.

दुसऱ्याला मी मास्तर म्हणते. चित्रं कमी, गणित फार. चढ किती, वळण किती, सगळं आकड्यांत आणि अक्षरांत कालवलेलं. आणि अर्ध्या अंकात वाचकांची भांडणं. एकाने लिहिलं, अमक्या डब्याच्या एका बाजूला रिवेट एकशे बारा पाहिजेत. दुसरा म्हणतो एकशे चौदा. तिसरा म्हणतो, तुम्ही दोघांनी डबा बघितलेलाच नाही. चार अंक हेच चाललंय. ते मात्र मी एका बैठकीत वाचलं, दूध उतू गेलं तरी उठले नाही. (चौथ्या अंकात एकशे चौदावाल्याने माफी मागितली. मला पटलं नाही. तो बरोबर बोलत होता असं त्याच्या बोलण्यावरूनच कळतं.) बोगद्यावर त्यात पूर्ण पान आहे, पण ते गणित सोडवायचं तर मला आता पाचवीत नाव घालावं लागेल.

तिसरं पातळ. दोन पिना मारलेलं, दर तीन महिन्यांनी येतं, कधी चार. एक म्हातारे छापखानेवाले स्वतःच लिहितात, स्वतःच छापतात, आणि दर अंकाच्या पहिल्या पानावर मागच्या अंकातल्या चुका कबूल करतात. "गेल्या खेपेस पुलाचा खांब आखूड छापला गेला. ज्यांचे पूल पडले त्यांची माफी." पहिल्या पानावर, वन्सं! मी कधी कुणाला मागच्या महिन्यातल्या पँटीबद्दल असं लिहून दिलंय? बोगद्याचा नमुना याच मासिकातला. मी हावरटासारखा त्याच्या पुढचा अंक काढला. चूक कबूल केली होती, पण ती सिग्नलच्या रंगाची. मग मुकाट नमुन्याचं पान पुन्हा काढलं. खाली बारीक अक्षरात, चित्र काढून लिहिलं होतं: "वळणावर गाडी वळते, पण लांब डबा वाकत नाही. त्याचं पोट आतल्या बाजूला जातं आणि कोपरे बाहेर येतात. म्हणून बोगदा मुद्दाम ढगळ ठेवला आहे. कुणी शहाण्याने आवळू नये."

कुणी शहाण्याने! हे म्हातारबुवा मला कुठून ओळखतात?

मी खालीच बसले. कारण हे मला माहीत होतं हो. बाहीला ढिलाई कशासाठी सोडतात? हात खाली सोडला की कुठलीही बाही बसते. हात वर केला की काखेत ओढते. मी गिऱ्हाइकाला नुसतं उभं राहूच देत नाही, हात फिरवा, खाली वाका, मग माप. आणि गाडीचं माप मी तिला सरळ उभी करून घेतलं.

तर उत्तर असं की जाड बंद करा आणि पातळ लावा. पत्र लांबलं, हात दुखला. गुडघ्याला शेक देत जा, दोन्हीच्या दोन्ही.

तुमची भावजय

ता. क. एक लहानसं काम आहे. तुम्ही यांना आजच्या आज एक पत्र टाका. त्यात सहज लिहा की त्या पातळ मासिकात बोगद्याचा नमुना चुकीचा छापल्याचं तुमच्या कानावर आलंय. तुमचं ते ऐकतात. म्हातारबुवा तसेही दर अंकात माफी मागतात, एक जास्त झाली तर त्यांना कळणारसुद्धा नाही. शनिवारपर्यंत पोचायला हवं, रविवारी डॉक्टर येणार.

दुसरा ता. क. वरचं काम करू नका. खोडत बसत नाही, शाई वाया जाते. पाकीट चिकटवताना वाटलं, म्हाताऱ्या माणसावर आळ घालायचाच तर बोगदा किती आवळला ते तरी नीट लिहावं. हे फिरायला गेलेले. टेप घेऊन चादर उचलली. खाली नवा बोगदा! कड अशी की उंदराने कुरतडली आहे (टेबल हलतंय ना), पण ढगळ. डोंगर जागच्या जागी, फाटलेला पडदा टाके घालून जोडलेला. ते टाके माझ्या गिऱ्हाइकांनी बघितले तर मला दुकान बंद करावं लागेल. आणि शेजारी माझा बोगदा, उलगडून सपाट केलेला, दोन्ही टक्सवर पेन्सिलीने माप आणि तारीख, त्यांच्या ऑफिसात लिहायचे तशी. तारीख त्याच रविवारची. म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बाजारात गेले की चादर काढायची, चपलांचा आवाज आला की घालायची.

तेवढ्यात मागे येऊन उभे. मी टेप हातात धरून.

म्हटलं, "टक्स मी घातले."

"दिसलं."

"मग माझं माप चुकलं असं का म्हणालात?"

"डॉक्टर उभे होते."

"आणि नऊ दिवस हूं हूं?"

म्हणाले, "दुसरं काही बोलायला गेलो असतो तरी तोंडातून तुझे टक्सच निघाले असते. तू झाडू आणायला गेलीस, म्हटलं बोलेल तेव्हा बोलेल." मग चादरीची घडी घातली (चुकीची, पण घातली) आणि विचारलं, "बाहीला ढिलाई किती सोडतेस तू?" मी सांगितली. त्यांनी त्या हिशेबाने बोगदा मोजला, मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर आहे." वन्सं, तीस वर्षांत या माणसाने एकाही दुकानदाराला पहिल्या फेरीत असं म्हटलेलं नाही. गाडी आता चालू आहे. कटकट नुसती. मशीनचा आवाज मला ऐकू येत नाहीये.

तिसरा ता. क. जाड मासिक मुळीच बंद करू नका. पाच वर्षांचं लावा, दहाचं असेल तर दहाचं. नवा बोगदा आतून बघितला, तर तो तुम्ही वाढदिवसाला लावून दिलेल्या त्या जाड मासिकाचं वरचं पान निघाला. तळघरवाला आतून हसतोय. असा पुठ्ठा दुसऱ्या कुणाकडे नाही. पातळ मी माझं मी लावीन. रविवारी जमलं तर या, राहायच्या तयारीने या, पण चादर तुमची आणा. आमच्या चादरीला सगळा गोंद लागलाय.

शेवटचा ता. क. आमच्या डब्याच्या एका बाजूचे रिवेट मी भिंग लावून मोजले. दोनदा. एकशे चौदा. सोबत मास्तर मासिकाचा पत्ता पाठवते आहे. तुमचं अक्षर चांगलं आहे, माझ्या वतीने दोन ओळी लिहून टाका, म्हणजे त्या बिचाऱ्याला आपली माफी परत घेता येईल.