आठवं कडवं

गॉलवे,
मंगळवार, ९ नोव्हेंबर १९९३

प्रिय फेस्टी,

तुझं बॉस्टनचं पत्र परवा पोचलं. पाकिटाचा डिंक पुन्हा लावल्यासारखा दिसत होता. आमची घरमालकीण किटलीच्या वाफेवर पत्रं उघडते असा मला दाट संशय आहे, तेव्हा हे ती वाचत असेल तर तिलाही नमस्कार. तुझा गुडघा आता बरा असेल. मी ठीक. पावसानं उच्छाद मांडलाय. बत्तिसाव्या वर्षी अठराच्या पोरांत बसून आपलंच आयरिश साहित्य नि इतिहास शिकताना कधीकधी वाटतं, मासळीच्या कारखान्यात होते तेच बरं होतं. प्राध्यापक बाई फार कौतुक करतात. "तू बेटावरची, तुझ्या तर रक्तातच आहे हे!" इतकं गोड उगाच कोणी बोलत नाही. त्यांना बाबांची गाणी हवी असणार.

तू विचारलंस, शेजारची बिडीन बाबांकडे यायची बंद झालीय, तिचं काही बिनसलं का? तिचं काय बिनसायचंय! सांगते. आधी दुसरं सांगते.

इथे विद्यापीठात जुन्या फिती आहेत, गावोगाव फिरून टिपलेल्या गाण्यांच्या आणि गोष्टींच्या. प्रत्येकानं आपल्या गावची एक घेऊन निबंध लिहायचा. मला १९६४ सालची मिळाली. गाणारे आपले बाबा, आणि गाणं कोलमनच्या बुडण्यावर त्यांनी रचलेलं. बुडालेल्याचं गाणं त्याच्या घरच्यांपुढे म्हणायचं नाही, हे काय तुला सांगायला हवं? बाबा आधी खोलीभर नजर फिरवायचे. कोलमनची बायको केट किंवा मुलगी बिडीन दिसली की दुसरंच काहीतरी म्हणायचे. आणि कडवी सात. आपण जन्मभर सातच ऐकली.

फितीवर आठ आहेत, फेस्टी.

सातव्यानंतर बाबा थांबतात. एक बाई म्हणते, "थांबू नको पीटर. तेही म्हण." मला वाटलं आपली आईच. मग बाबा गातात, की दोष वाऱ्याचा नाही, लाटांचा नाही. होडीच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड फाटलं होतं, माझ्या बापानं नवं न लावता त्यावरच डांबर फासलं, आणि डांबराची बादली धरून मी शेजारी उभा होतो, बोललो नाही.

आजोबांनी बांधलेल्या होड्यांचा आपण केवढा तोरा मिरवला रे!

त्याच आठवड्यात बाबा फोनवर म्हणाले, "किनाऱ्याजवळचं शेत बिडीनच्या नावे करावं म्हणतो." माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे, पडला असं मला वाटलं. रोज सूप आणायचं, शेगडी पेटवायची, गोळ्या द्यायच्या, कोण कुणाचं एवढं करतं? म्हटलं, हिला कुठून तरी हे कडवं कळलंय, आणि म्हातारा एकटा आहे हे बघून ही बापाच्या जिवाची भरपाई आपल्या शेतातून काढतेय. तू म्हणशील, विचारायचं तरी. नाही विचारलं. पत्र लिहिलं.

हं. लिहून टाकलं एकदाचं. ती यायची बंद झालेली नाही, मी बंद केली.

"यापुढे आमच्या घरी यायची तसदी घेऊ नकोस. तुझ्या पोटात काय आहे ते मी ओळखून आहे. शेताचे कागद वकिलाकडे आहेत." वकीलबिकील कोणी नाही, उगाच दम दिला. चार दिवसांनी तिचं उत्तर आलं. "बार्ब्रा, शेत मी मागितलं नव्हतं. दोन वर्षं तो देतो म्हणतोय आणि मी नको म्हणतेय. चावी दुकानात ठेवलीय. त्याचं दूध संपलंय." एवढंच. त्यातही मला डावच दिसला. म्हटलं, बघा कशी साळसूद!

काल निबंधासाठी फीत टिपणाऱ्याची वही मागवली. बारीक अक्षरात लिहिलंय: "ठिकाण, मृताच्या पत्नीचं, केटचं स्वयंपाकघर. गाणं तिनंच म्हणायला लावलं. गायकाचा हात शेवटपर्यंत हातात धरून हळूहळू फिरवत होती. मुलगी, वय पंधरा, शेजारी बसून. नंतर चहा तिनं केला."

गाणाऱ्याला धीर द्यायला असा हात धरलेला आपण शंभरदा पाहिलाय. पण ते स्वयंपाकघर केटचं असेल हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. कारण आपल्याकडे तसं होतच नाही. तिथे झालं होतं. केटनं रीत बाजूला ठेवून बाबांकडून सगळं वदवून घेतलं, आणि त्यांचा हात सोडला नाही.

म्हणजे बिडीनला एकोणतीस वर्षं ठाऊक आहे. ठाऊक असूनही आईच्या शेवटच्या दुखण्यात ती तिची पाठ पुसायला यायची. तू निघालास तेव्हा तुझी बॅग धक्क्यापर्यंत तिनंच आणली होती. आणि मी तिला वकिलाचा धाक घातला. फेस्टी, मला इतकी लाज वाटतेय की आरशात बघवत नाही.

काल रडून झाल्यावर बाबांना फोन केला. जेवलात का विचारलं, तर म्हणाले, "ब्रेड आहे की." मग म्हणाले, "बिडीन माझ्यावर रागावली का गं? मी शेताचा हट्ट धरला म्हणून?" माझ्या पत्राबद्दल तिनं त्यांना अवाक्षर सांगितलेलं नाही. ते स्वतःलाच दोष देत बसलेत. आणि ऐक, मीही काही बोलले नाही. "हो, बघते" म्हणून फोन ठेवला.

शुक्रवारच्या बोटीनं जातेय. दुकानातून चावी घेईन, दूध घेईन, आणि आधी बिडीनच्या दाराशी जाईन. तिनं दार उघडलं नाही तर पावसात तिथेच बसेन. मग बाबांना सगळं सांगेन. माझ्या वतीनं तिला फोन करून गोडीगुलाबीनं समजवायला जाऊ नकोस, तुझा तो स्वभाव मला माहीत आहे. हे मलाच बोलायचंय, माझ्या तोंडानं.

निबंध मी अजून दिलेला नाही. द्यायचा की नाही, ते बिडीन सांगेल.

डांबराची बादली धरून जो गप्प उभा राहिला होता, त्याचीच मुलगी,
बार्ब्रा