स्टोव्ह कसा फुटतो

आई, परवा एका दुकानात मी स्टोव्ह निवडत उभी होते आणि सगळा वेळ मनातल्या मनात तुझ्याशीच वाद घालत होते. पुढच्या महिन्यात आम्ही कामावरची माणसं स्पितीला जातोय, डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी तपासायला. तिथल्या थंडीत गॅसच्या छोट्या टाक्या रुसून बसतात, म्हणून पाठपिशवीत मावेल असा, तेलावर चालणारा स्टोव्ह हवा. स्पिरिटचा अगदी हलका, पण त्याच्यावर चहाचं आधण येईपर्यंत माणूस म्हातारं व्हायचं. पेट्रोलचा जोरकस, पण त्याचा स्वभाव मला आवडला नाही. रॉकेलचा शहाणा, तर आता रॉकेल शोधत फिरा. दुकानदार प्रत्येकाचं वजन सांगत होता आणि मी त्याला एकामागून एक प्रश्न विचारत होते. असं का, तसं का, वारा आला तर काय. तू मला काहूनबाई म्हणायचीस ते काही उगीच नाही. तो बिचारा शेवटी म्हणाला, मॅडम, तुम्ही घेणार आहात ना नक्की?

असाच प्रश्न औंढ्याच्या भांडेवाल्याने तुला विचारला होता. मी तेव्हा चौथीत असेन. तू शिरड शहापूरच्या बाजूला उपकेंद्रात नर्स होतीस आणि लसीच्या दिवशी सुया-सिरिंजांचं भांडं, थंड पेटी आणि दवाखान्याचा वातीचा स्टोव्ह घेऊन वाड्यावस्त्यांवर जायचीस. एकदा वापरून फेकायच्या सुया अजून आपल्याकडे आल्या नव्हत्या, तिथल्या तिथे उकळाव्या लागायच्या. शाळेला सुट्टी असली की मी तुझ्या मागे शेपटासारखी. त्या दिवशी माळावरच्या वस्तीत वारा असा सुटला होता की वाती नुसत्या काजळी ओकत होत्या. तू पोतं आडवं धरलंस, दगड रचलेस, तरी पाण्याला बुडबुडा फुटेना. खुरपण सोडून आलेल्या बाया लेकरं काखेत घेऊन बसलेल्या. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "सिस्टर, टोचा की तशीच. सुई ती सुई." तू म्हणालीस, "न उकळता मी टोचत न्हाई, मावशी." बाया उठून गेल्या, आणि पुढच्या खेपेला त्या वस्तीतली निम्मी लेकरं आलीच नाहीत. परतीच्या एसटीत तू एवढंच बोललीस, "वात बदलून भागत न्हाई. स्टोच बदलावा लागते."

मला नवल वाटलं ते औंढ्याच्या त्या दुकानात तू पंपाच्या स्टोव्हपुढे जाऊन उभी राहिलीस त्याचं. आपल्या घरात पंपाचा स्टोव्ह नव्हता आणि तो का नाही हे विचारलेलं तुला चालत नसे. बाकी कशालाही उत्तर मिळायचं, याला नाही. शिवरात्रीची गर्दी ओसरल्यामुळे दुकानदार निवांत होता. तू त्याला म्हणालीस, बाहेर रस्त्यावर पेटवून दाखवा. त्याने काकडा लावून बर्नर तापवला, पंप मारला, स्टोव्ह फरफरायला लागला. तू शेजारच्या टोपल्यावालीचं सूप मागून घेतलंस आणि त्या ज्वाळेला वारा घालायला लागलीस. भर रस्त्यात, पांढऱ्या साडीत, दाणे पाखडल्यासारखी. लोक थांबून बघत होते. दुकानदार हसून म्हणाला, "सिस्टर, तुमी स्टो घेऊन राहिल्या का जावई पाहून राहिल्या?" ज्वाळ वाकली, निळी झाली, पण विझली नाही. माझ्या मते तिथे काम संपलं होतं. तू मात्र सूप परत केलंस, पदर कमरेला खोचलास आणि विचारलंस, "भाऊ, हा फुटतो कसा?"

दुकानदाराचं हसू गेलं. "असं काहून बोलता, सिस्टर. गिऱ्हाईक उभे हायेत."

"सांगा, बराबर सांगा. माझं काम हाय."

मग त्याने खरंच सांगितलं. उकिडवं बसून, एकेका भागाला बोट लावून. बर्नरच्या बारीक भोकात घाण अडकली, पिन मारली नाही, वरून पंप कोंबत राहिलं, तर भडका होतो. टाकी जुनी असली, डाग दिलेली असली, तर सांधा उलतो. चावी सोडली की हवा फुस्स, मग काही भ्याव नाही. तू एकेक गोष्ट ऐकत होतीस, पेशंटचं ऐकावं तशी, मध्ये न बोलता. आणि मग विचारलंस, "फुटल्यावर टाकी कशी दिसते?"

"कशी म्हंजे? उललेली. सांध्याजवळ फाटते. मंग ती भंगारात."

"म्हंजे साबूत राहात न्हाई?"

"साबूत कशी राहील, ताई?"

इतका वेळ सिस्टर म्हणणारा माणूस एकदम ताई का म्हणाला, हे मला तेव्हा कळलं नाही. तू मान हलवलीस. "द्या हाच," म्हणालीस, आणि घरापर्यंत तो पिशवीत न ठेवता मांडीवर घेऊन बसलीस.

ते कळलं आजी आली तेव्हा. साखऱ्याहून ती जोंधळ्याचं पीठ घेऊन आली आणि ओट्यावरचा स्टोव्ह बघून पायरीवरच बसली. घरात येईना, पाणीही घेईना. "ह्या चिजेनं माझी एक लेक खाल्ली," ती म्हणाली, "अन् दुसरी इकत घेऊन आली." मला मावशी होती हे मला त्या पायरीवर कळलं. तू आजीच्या शेजारी बसलीस. मी दाराआड होते, तुला ते ठाऊक होतं, तरी तू मला हाकललं नाहीस, याचं मला अजून बरं वाटतं.

"माय, स्टोनं न्हाई खाल्ली तिला," तू म्हणालीस. "ती जळाली तवा मी गेले होते ना तिच्या सासरी. तो स्टो फळीवर होता. टाकीला साधा पोचा न्हाई. त्यायनं सांगितलं फुटला, अन् आपन व्हय म्हनलो."

आजी रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने किती तरी वेळ त्या पितळी टाकीकडे बघितलं आणि म्हणाली, "पेटव. पाहू दे मला." तू पेटवलास. तो फरफरत राहिला आणि तुम्ही दोघी मायलेकी त्याच्याकडे बघत बसलात. मग आजीने विचारलं, "मंग आता कुनाला सांगावं?" इतकी वर्षं झाली होती, त्या घरात दुसरी सून नांदत होती. तू चावी सोडलीस आणि ज्वाळ बसली.

पुढे तो स्टोव्ह तुझ्याबरोबर सगळ्या वस्त्यांवर फिरला. माळावरच्या बायाही हळूहळू परत आल्या. त्या चांगल्या कामाचं मला कौतुक आहेच, पण खरं सांगू, मला आजही जास्त उत्सुकता त्या प्रश्नाची वाटते. तो तू दुकानात जायच्या आधी ठरवून ठेवला होतास की ती फरफरणारी ज्वाळ बघून तुला सुचला? उत्तर काय येणार हे तुला माहीत होतं का? आणि नसतं आलं तसं, दुकानदार म्हणाला असता की फुटला तरी टाकी कधीकधी शाबूत राहते, तर तू तो स्टोव्ह घेतला असतास का? माझा अंदाज, घेतला असतास. लेकरं वाट बघत होती. पण अंदाजच तो.

मीही परवा तो प्रश्न विचारला. दुकानदार हसला, म्हणाला, मॅडम, आता असे फुटत नाहीत हो. मी म्हणाले, तेव्हाही सगळे फुटत नव्हते. त्याला अर्थातच काही कळलं नाही. मी रॉकेलचाच घेतला. तो आत्ता टेबलावर आहे, अजून पेटवलेला नाही.

आणि आई, मी लिहायला बसले होते ते तुला नाही. मावशीला लिहायचं होतं. ‘तो स्टोव्ह शाबूत होता, तुझ्या बहिणीने विचारून घेतलं,’ एवढंच तिला सांगायचं होतं. पण सुरुवात कुठून करू तेच कळेना. तू तिला थोरली म्हणायचीस, आजी माझी लेक म्हणायची. मी जगाला प्रश्न विचारून हैराण केलं, पण तिचं नाव काय होतं हे तुम्हा दोघींना कधी विचारलं नाही, आणि आता सांगणारं कोणी नाही.