दुसऱ्या बेसवर कोणीच नव्हतं

अहो,

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. माझ्याशिवाय तुम्ही कुठं गेलातच कधी? दोघंही खेळाचे शिक्षक, दोघंही बेसबॉलचे पंच. मॅच कुठंही असो, एकाच एसटीनं जायचं. मी होमप्लेटमागं, तुम्ही दुसऱ्या बेसजवळ. तुम्हाला जाऊन सात महिने झाले. आज लिहितेय, कारण काल माझ्या हातून चूक झाली आणि ती सांगायला घरात कोणी नाही.

काल शिरूर कासारला तिथल्या आणि तेलगावच्या मुलींची फायनल होती. दुसरा पंच मिळाला नाही म्हणाले, तर मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "चालेल, मी एकटी बघते!" कशाला ती हौस?

शेवटचा डाव, स्कोअर सारखा, दोन आऊट. पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर शिरूरच्या मुली. बॅटिंगवालीनं असा फटका हाणला की चेंडू पार बाभळीपर्यंत गेला. तिसऱ्यावरची होमकडे सुटली, माझे डोळे तिच्यावर. तिनं प्लेटवर पाय ठेवला, जिंकायची रन झाली आणि शिरूरच्या पोरी नाचायलाच लागल्या.

तेवढ्यात तेलगावची कॅप्टन चेंडू घेऊन दुसऱ्या बेसवर उभी राहिली. "मॅडम, अपील हाय! पहिल्यावरची हितून तशीच पळाली. बेसला पाय न्हाई लावला तिनं!"

मी काय करावं? नेहमीसारखा तुमच्या जागेकडे हात केला आणि म्हणाले, "सरांना विचार."

ती बिचारी इकडेतिकडे बघायला लागली. "मॅडम, हितं तर कोणच न्हाई."

अहो, तुम्ही गेलात हे मला तेव्हा कळलं. तेराव्याला नाही कळलं, काल भर उन्हात कळलं.

मी सेफ दिलं. न दिसलेला आऊट देता येत नाही, हे तुमचंच शिकवणं. तेलगावच्या पोरी रडत गेल्या.

तो फोर्सचा नियम माझ्या डोक्यात शिरावा म्हणून तुम्ही अंगणात चार पाट मांडले होते, आठवतं? पदर खोचून मी पळतेय आणि शेजारच्या काकू भिंतीवरून बघतायत! "अगं, मागून बॅटर येतीय, म्हणून पहिल्यावरचीला दुसरा पाट गाठावाच लागतोय. तिथंच तिसरा आऊट झाला, तर होमला आलेली रन बी धरायची न्हाई." मी किती वाद घातला! आलेली रन पुसायची कशी? काल ती पुसायची होती.

कारण मैदान मोकळं झाल्यावर ती पळणारी मुलगी माझ्याजवळ आली. मान खाली. "मॅडम, माझा पाय खरंच लागला नव्हता. पण मला कोणी इचारलंच न्हाई."

मला मांजरसुंब्याचा ढाबा आठवला. आपल्या शेवटच्या मॅचहून येताना तुम्ही चहा अर्धा ठेवलात आणि छाती चोळत बसलात. मी बघितलं. वाटलं, पित्त झालं असेल, आणि विचारलं नाही. अपील आल्याशिवाय पंचानं तोंड उघडायचं नाही, पण हा मैदानावरचा नियम तुम्ही घरात कशाला आणलात? बायकोला सांगायला अपील लागतं का हो? लई राग आलाय तुमचा. माझा त्याहून जास्त.

उद्या सकाळच्या गाडीनं तेलगावला जातेय. निकाल काही बदलणार नाही. पण तुझं बरोबर होतं, चूक माझी होती, हे त्या कॅप्टनला मी स्वतः सांगणार आहे.

आणि तुम्हाला वचन देते, यापुढं दुसरा पंच असल्याशिवाय मी मॅच घेणार नाही. तुमच्या जागेवर जो कोणी उभा राहील, त्याला सर म्हणेन. जड जाईल, पण म्हणेन. फक्त मॅच सुरू व्हायच्या आधी, तो तिथं जाऊन उभा राहायच्या आत, एकदा त्या रिकाम्या जागेकडे बघून घेईन. तेवढं चालेल ना?

होमप्लेटमागून,
तुमची मंगल