दुर्बिणीपाशी सरकवलेलं स्टूल

चिरंजीव बाळ्यास, आईचे अनेक आशीर्वाद.

माझी तब्येत ठणठणीत आहे. सूनबाईचा खोकला थांबला का?

काल संध्याकाळी तुझ्या लेकीने मला वेधशाळेत नेलं. दुर्बिणीतून कडं घातलेला शनी पाहिला. "साडेसाती लावणारा एवढुसाच होय रे?" म्हटलं, तर दुर्बीण दाखवणारा मुलगा खळखळून हसला.

पण मला संशय येतोय. सगळी रांग उभी असताना त्याने माझ्यापुढेच स्टूल सरकवलं, वर म्हणाला, "आजी, डावा गुडघा जपून!" माझा डावा गुडघा दुखतो, हे त्याला कुणी सांगितलं?

हे पत्र तुझी लेकच लिहितेय आणि इथे तिचं पेन अडलंय.

मुलगा मला बरा वाटला. तू पाहिलेल्या स्थळाला इतक्यात होकार कळवू नकोस. हे वाक्य हिने दोनदा लिहिलं असलं, तर एकदाच वाच.

तुझी,
आई