साडेसातचा आवाज

३ मार्च, सकाळ
आई जाऊन पंधरवडा झाला. दिवस ताईकडे झाले, आज सकाळीच परतलो. घर शांत. दुःख आहेच, पण दुःखाचं काय करायचं असतं ते लेखकाला ठाऊक असतं. कादंबरी. इतकी वर्षं ती अडली ती एकाच कारणानं : माझ्या टेबलासमोरची भिंत. भिंतीपलीकडे आईचा टीव्ही. तिला कमी ऐकू यायचं, आणि साडेसातच्या सिरीयलमध्ये कोणी हळू बोलत नाही. मी भिंतीवर टकटक करायचो. ती आवाज थोडा उतरवायची, मग होता त्याहून जास्त चढवायची. आता अडथळा नाही. रोज हजार शब्द.

ताईचा फोन. पंधराला, शनिवारी, सगळे नातेवाईक घरी जमणार. म्हणाली, आईबद्दल एक पान लिही आणि तूच वाच. एकच पान हं, आणि आम्हाला कळेल असं. हो म्हटलं. अर्ध्या तासाचं काम.

३ मार्च, संध्याकाळ
शब्द : शून्य. साडेसातला आईच्या बंद खोलीत टीव्ही सुरू झाला. आपोआप. मोठ्यानं. देव, भुतं वगैरे मी मानत नाही, यावर जाहीर भाषणं दिली आहेत. घाबरलो नाही. शेजाऱ्यांकडे पाणी प्यायला गेलो, इतकंच.

४ मार्च
टीव्ही दुरुस्तीवाला आला. बिघाड नाही म्हणाला. रिमाइंडर आहे, ठरल्या वेळी टीव्ही आपोआप लागतो. आजींनीच माझ्याकडून लावून घेतला. हल्ली वेळ विसरते म्हणाल्या.

मला कधी बोलली नाही.

एका बटणाचं काम आहे, काढू का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, राहू दे. एका पानाऐवजी चांगला निबंधच लिहावा असं मनात आलं होतं : ‘श्रद्धा, साहित्य आणि करमणूक’. त्यासाठी रिसर्च लागेल. तो म्हणाला, बघा की साहेब, त्यात लाजायचं काय. मी सिरीयल बघत नाही हे त्याला दोनदा समजावून सांगितलं.

६ मार्च
एपिसोड पाहिला. टिपणांसाठी. धाकटी सून कोमात आहे. मोठ्या जावेनं तिला जिन्यावरून ढकललं. डॉक्टर खिडकीकडे पाहून बोलतात. कथानक पोकळ, संवाद बटबटीत. उद्याही पाहावा लागेल. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणं बरं नव्हे.

आई या सुनेसाठी देवाकडे मागायची. खरोखर, हात जोडून. एवढं हिला शुद्धीवर आलेली बघू दे, मग मला ने. मी म्हणायचो, अगं, ती नटी आहे, पगार घेऊन झोपली आहे. आई म्हणायची, झोपलेल्या बाईला पगाराचा काय उपयोग?

तर्कदोष. निबंधात घ्यायचा. देवानं वाट पाहिली नाही, हेही घ्यायचं.

१० मार्च
लिहायला बसलो. ‘माझी आई’ असं लिहिलं. शाळेतल्या निबंधासारखं वाटलं. खोडलं. ‘मातृत्व ही संकल्पना’ हे बरं. पुढे सुचलं नाही, कारण साडेसात होत आले होते.

आईच्या खुर्चीत बसत नाही. पलंगाच्या कडेला बसतो. त्या खुर्चीत पाठ दुखते. कधी बसून पाहिलं नाही, पण बघूनच कळतं.

१२ मार्च
नेमका साडेसातनंतर प्रकाशकाचा फोन. चुकून उचलला. म्हणाला, कादंबरी कुठवर? म्हटलं, त्यातच बुडालो आहे. म्हणाला, मागे कोण किंचाळतंय? म्हटलं, शेजारी. तो म्हणाला, शेजाऱ्यांकडेही मोठी जाऊ पकडली गेली वाटतं. आमच्याकडे आत्ता तेच चाललंय, बायको उठू देत नाही.

एपिसोड संपेपर्यंत कोणीच फोन ठेवला नाही.

१३ मार्च
सुनेचं बोट हललं. लगेच जाहिरात. साबणाची. मी हात जोडून बसलो होतो हे तेव्हा लक्षात आलं. बोटं गार पडली होती, म्हणून.

१४ मार्च
सून शुद्धीवर आली. चेहरा दुसरा. नटी बदलली, खाली पट्टीवर बारीक अक्षरांत तसं कळवलं होतं. घरात कोणालाच फरक जाणवला नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तो ओक्साबोक्शी रडला.

खोलीत कोणीतरी म्हणालं, उठली गं. मीच. घसा साफ करताना निघालं.

आईनं मागितली ती ही नव्हे. मग मागणं पावलं म्हणायचं की नाही? कोणाला विचारायचं? निबंधाचा सगळा भार या प्रश्नावर टाकता येईल. उद्या सकाळी एकटाकी लिहून काढतो.

सिरीयल संपल्यावर बातम्या लागल्या. मग स्वयंपाकाचा कार्यक्रम. टीव्ही बंद केला तेव्हा मध्यरात्र झाली होती.

१५ मार्च
निबंध बारा पानी झाला. सगळे जमले. मी उभा राहिलो. ‘मातृत्व ही संकल्पना’च्या पहिल्या परिच्छेदात असतानाच काकांचा डोळा लागला. दुसऱ्यात साडेसात वाजले. आतल्या खोलीत टीव्ही लागला. मावशी किंचाळली. काका जागे झाले. मी म्हटलं, काही नाही, आईची सिरीयल. आणि आत गेलो. पाय आपसूक गेले. मागोमाग सगळे.

मावशी म्हणाली, ही कोण बाई? सांगावं लागलं. धाकटी सून; पण चेहरा बदललाय. मग कोमाचं सांगितलं. मग आई काय मागायची ते. पगाराचं उत्तर. टकटक, आणि चढणारा आवाज. लोक हसत होते. ताई हसता हसता रडायला लागली. काका आईच्या खुर्चीत बसायला गेले, तर मी एकदम ओरडलो. त्यांना वाटलं, खुर्चीचा पाय मोडका आहे.

जाताना ताई म्हणाली, छान बोललास रे. मी म्हटलं, अजून सुरुवातच कुठे केली होती? बारा पानं बाहेर टीपॉयवर. त्यावर चहाचे कप.

१७ मार्च
काल रविवार, सिरीयलला सुट्टी. आज मेहुण्यांचा फोन. परवा निघताना त्यांनी रिमाइंडर काढून टाकला. म्हणाले, मावशी किती घाबरल्या. आणि तुमच्याही लिखाणात व्यत्यय. एका बटणाचं तर काम होतं.

आभार मानले. योग्यच केलं. सिरीयल बघायचीच असती तर रिमोट आहे, कधीही लावता येते. मला बघायची नाही. आजपासून रोज हजार शब्द.

साडेसात. टेबलाशी आहे. पूर्ण शांतता. हवी होती तशी.

भिंतीवर टकटक केली. सवयीनं.

मग भिंतीला कान लावून उभा राहिलो. ओल आली आहे का ते पाहत होतो. भिंत कोरडी आहे.